नवव्या खांबापर्यंत

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभेची, मोर्चाची, निषेधाची. सायक्लोस्टाइलवर काढलेली, हाताला शाईचे डाग लावणारी. वडील पूर्णेला किंवा परभणीला गेले की सदऱ्याच्या खिशात घडी करून आणायचे. त्यांना अक्षरं येत नव्हती, फक्त आकडे यायचे. म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून मी वाचून दाखवायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. शाळेतल्या पुस्तकातलं ‘बदक’ मला नीट वाचता येत नव्हतं तेव्हा ‘जाहीर धिक्कार’ मी एका दमात वाचत होते. कधी खेळायला पळायची घाई असली की मी मधली एखादी ओळ गाळायचे. ते लगेच डोळे उघडायचे.

“थांब. मधी काहीतरी ढिलं ऱ्हायलं.”

त्यांना कसं कळायचं, ते मला आजही कळलेलं नाही. पण कळायचं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा रेल्वेत चावीवाले होते. हे काम रेल्वेबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. खालच्या आडव्या लोखंडी स्लीपरनं रूळ घट्ट धरून ठेवावा म्हणून तिथं लोखंडाच्या पाचरी ठोकलेल्या असतात. त्या पाचरीला चावी म्हणतात. गाडी गेली की रूळ हादरतो आणि चावी थोडी थोडी सुटत जाते. चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासायचा. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. सुटलेली चावी हातोड्यानं परत ठोकायची. चुडावा स्टेशनच्या सिग्नलपासून पुढचा तीन मैलांचा तुकडा दादांकडं होता. जाऊन-येऊन सहा मैल, खांद्यावर हातोडा, पाना आणि दोन झेंड्या. अशी तीस वर्षं.

रुळाकडेच्या तारेच्या खांबांवर आकडे होते. दादांना तेवढेच वाचता यायचे आणि त्यांच्या डोक्यातलं सगळं त्या आकड्यांवर टांगलेलं होतं. त्यांना साल माहीत नसायचं, तिथी माहीत नसायची. मी शाळेत नाव घालायच्या वेळी मास्तरांनी जन्मतारीख विचारली तेव्हा त्यांनी सांगितलं, “नवव्या खांबाजवळची चावी उडाली व्हती, त्या दिवशी झाली ही. लय हुडकली. बाभळीच्या बुडाला घावली. उचलायला वाकलो तर हिच्या मावशीनं बांधावरून हाक मारली, की पोरगी झाली म्हणून.” मास्तर हसले आणि त्यांनी एक जूनची तारीख टाकून दिली. पण नववा खांब माझा होता. आजा वारल्याची खबर चौदाव्या खांबाला आली होती. मायचं आणि त्यांचं पहिलं भांडण रुळाखालच्या मोरीच्या अलीकडं, एकविसाव्याला, डबा न्यायला उशीर झाला म्हणून. रोज चालताना ते घरातल्या सगळ्यांना असे एकेका खांबाला भेटत जायचे.

आणखी एक गोष्ट. दादांच्या हातोड्याचा आवाज आमच्या वस्तीत नवव्या खांबापर्यंत ऐकू यायचा. त्याच्या पुढं रूळ वळण घेतो. तिथून पुढं काहीच ऐकू येत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या लोकांच्या वस्त्या जळायला लागल्या. मी अकरा वर्षांची होते. रोज कुठल्यातरी गावाचं नाव यायचं आणि माय चुलीपुढं बसून ते नाव तोंडात घोळवायची. तिथं आपलं कोण आहे, कोण नाही. गावातून स्टेशनकडं जाणारी वाट आम्हाला बंद झाली होती. तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं. पारावर माणसं बसलेली असायची आणि आमचं माणूस दिसलं की एकदम बोलायची थांबायची, तेवढं पुरे होतं. दादा ड्यूटीवर जातच राहिले. गावातून नाही, वस्तीच्या मागनं, थेट रुळावरून. पिकं डोक्याएवढी वाढलेली, दोन्हीकडं ज्वारी, आणि मधून एकटा माणूस चाललेला.

माय भाकरी थापता थापता हात वर धरून थांबायची. टण्ण. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्ण. शेवटचा नवव्या खांबाचा ठोका ऐकला की ती म्हणायची, “गेले.” आणि दुपारी तोच ठोका उलट बाजूनं ऐकू येईपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पलीकडच्या तुकड्याचा चावीवाला मुसलमान होता. आम्ही त्याला मामू म्हणायचो. दोघांच्या हद्दीच्या खांबाशी दोघं रोज भेटायचे. एक दिवस दादांच्या पिशवीतली तंबाखू दोघांनी खायची, दुसऱ्या दिवशी मामूच्या. त्या महिन्यात मामू हद्द ओलांडून यायला लागला. दादांबरोबर चालत नवव्या खांबापर्यंत यायचा आणि तिथून परत जायचा. त्याच्या साहेबाला कळलं असतं तर त्याला मेमो मिळाला असता. दादांनी त्याबद्दल त्याचे आभार मानलेले मी कधी ऐकले नाहीत. तंबाखू मात्र त्या महिन्यात रोज दादांचीच होती.

त्या पावसाळ्यात मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. या माणसाला मी एक दिवस खुर्चीवर बसवीन. सावलीत, चार माणसांच्या देखत, पाठ टेकून.

मी परभणीच्या कॉलेजात जायला लागले. आता पत्रकं मी वाचत नव्हते, लिहीत होते. पॅसेंजरच्या डब्यात मांडीवर वही ठेवून लिहायचे आणि उतरायच्या आधी डब्यातल्यांना ओरडून वाचून दाखवायचे. शेवटी तीन उद्गारचिन्हं असली पाहिजेत असा माझा नियम होता.

विसाव्या वर्षी मी दादांबरोबर पूर्णेला गेले. त्यांची रेल्वेची तपासणी होती. तशी दर काही वर्षांनी व्हायची, ते एकटेच जाऊन यायचे. पण त्या वेळी त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, “छातीत गाडी रुळाचा एखादा सांधा गाळल्यावानी करायलीय.” डॉक्टर म्हातारे होते, दुसऱ्या गावाहून बदलून आलेले. त्यांनी दादांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत राहिले. खूप वेळ. मग नळी लावली. मग पुन्हा मनगट. दादांना सदरा घालायला आणि कागदावर अंगठा द्यायला बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि मला थांबवलं.

“तुम्ही शिकलेल्या दिसता. नीट ऐका. यांच्या हृदयाचे ठोके एकसारखे पडत नाहीत. गोळ्या देतो. हातोडा बंद. ओझं बंद. पावसाळ्यातली गस्त बंद. मी तसं लिहितो, हलकं काम मिळेल.” त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडं सरकवली. “पण चालणं सोडू देऊ नका. रोज चालू द्या. दम लागेल तिथं थांबायचं, मग पुन्हा चालायचं. असे पेशंट घरात बसवून ठेवले की हळूहळू डोक्यानंही बसतात. मी बघितलेत.”

माझं डोकं भडकलं. समोर टेबल, टेबलामागं खुर्ची, खुर्चीत कोट घातलेला माणूस, आणि तो मला सांगत होता की माझ्या बापानं अजून चालावं.

“तीस वर्षं चालले, ते पुरं नाही झालं का, साहेब?”

“ती नोकरी होती,” ते शांतपणे म्हणाले. “मी औषध सांगतोय.”

मला ते वाक्य फार गुळगुळीत वाटलं. ज्यांनी कधी उन्हात पाऊल टाकलं नाही त्यांना चालण्याचं कौतुक, असं मी मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकलं, उद्गारचिन्हांसकट.

परतीच्या गाडीत दादांनी विचारलं, “काय म्हनला डाक्टर?”

“ठोके बरोबर नाहीत म्हणाले. हातोडा बंद. गोळ्या घ्यायच्या. आराम करायचा.”

“आजून?”

“एवढंच.”

ते खिडकीतून बघत होते. रूळ मागं पळत होता. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

“मधी काही ऱ्हायलं का, बाई?”

“नाही,” मी म्हणाले.

मग मी अर्ज केले. एक, दोन, तीन. स्टेशनात, पूर्णेच्या ऑफिसात. एक पत्रकही काढलं, ‘घाम गाळणाऱ्याला खुर्ची द्या’. वस्तीतली पोरं ते स्टेशनाच्या भिंतीला लावून आली. सरकारी पद्धतीनं व्हायला हवं होतं ते काम डॉक्टरांच्या कागदावरून सरकारी पद्धतीनंच झालं असेल, पण आम्ही समजलो की पत्रकामुळं झालं. दादांना स्टेशनात हलकं काम मिळालं. स्टेशनमास्तरांच्या खोलीबाहेर लाकडी खुर्ची. कागद आत न्यायचे, बाहेर आणायचे, पाण्याचा माठ बघायचा. उरलेला दिवस बसायचं.

त्या दिवशी आमच्या वस्तीतून माणसं नुसती बघायला गेली. गावातले ज्यांच्या दारात आमच्या आज्यानं उकिडवं बसून भाकरी मागितली, ते तिकिटाच्या रांगेत उभे आणि माझा बाप खुर्चीवर. एक म्हातारी तर दादांच्या खुर्चीच्या हातावर हात फिरवून आली. “सागवानाची हाय गं,” ती मायला म्हणाली. हे सगळं खोटं नव्हतं. त्या खुर्चीची आम्हाला किती भूक होती ते ज्याला कळत नाही त्यानं मला दोष द्यायला येऊ नये. दोष मी स्वतः देते आहे.

घरी आम्ही त्यांना ताटाखालचा पाटसुद्धा उचलू देत नसू. माय पाण्याचा तांब्या हातात द्यायची. सुट्टीच्या दिवशी ते उठून दाराकडं निघाले की मी आडवी.

“कुठं जायलाव, दादा?”

“जरा रुळाकडं जाऊन येतो.”

“डॉक्टरनी सांगितलंय ना?”

“मला चालताना दम लागत न्हाई, बाई. बसल्यावर लागतो.”

“ते तुम्हाला वाटतं.”

“माझ्या छातीतलं मला वाटंल का तुला?” असं म्हणून ते हसायचे आणि परत बसायचे. मला ते माझा विजय वाटायचा.

पहिली खूण साधी होती. माझी मैत्रीण घरी आली होती. मी म्हटलं, “दादा, माझ्या जन्माची गोष्ट सांगा हिला.” ते रंगात येऊन सांगायला लागले. “चौदाव्या खांबाजवळची चावी उडाली व्हती...”

“नवव्या,” मी म्हणाले.

“नवव्याच की. काय म्हनलो मी?”

आम्ही दोघी हसलो. माय भाकरी थापत होती. तिचा हात वर होता आणि तो तसाच थांबला. हातोड्याचा आवाज ऐकायला थांबायचा तसा. घरात काही आवाज नव्हता.

त्यानंतर ते एकेक आकडा हरवायला लागले. आकडा गेला की त्याच्यावर टांगलेलं माणूस जायचं. आज्याच्या मरणाचा खांब गेला आणि काही दिवसांनी ते मायला विचारायला लागले की म्हातारा जेवला का. माय पहिल्यांदा म्हणाली, “ते कवाच गेले.” दादांचा चेहरा असा झाला की तिनं पुन्हा कधी खरं सांगितलं नाही. “जेवले,” म्हणायची. “झोपले.”

मामू निवृत्त होऊन त्याच्या मुलाकडं राहायला गेला होता. तो एकदा भेटायला आला. दोघं ओट्यावर बसले. मामूनं पिशवी काढली, दादांच्या हातावर तंबाखू ठेवली आणि गमतीनं परीक्षा घ्यायला लागला.

“बोल भाई, पुलिया के बाद कौनसा सांधा हमेशा ढीला रहता?”

दादा हसले.

“अरे, जिसपे तेरा पाँव फिसला था. मेरे सामने!”

“तुजा फिसला असंल,” दादा म्हणाले. बोलण्यातली फिरकी शाबूत होती. बाकी काही नव्हतं. मामूच्या ते लक्षात आलं. तो दादांच्या तळव्यावरची तंबाखू स्वतःच्या बोटानं मळायला लागला, कारण दादा ती हातावर धरून नुसते बघत होते.

जाताना त्यानं मला दाराशी गाठलं. “बेटी, तूने इसकू कुर्सी दिलाई, अच्छा किया. लोगां देखे, जले. लेकिन ये आदमी पाँव से याद रखता था. इसकू चलने दे.”

मी त्यालाही म्हणाले, “डॉक्टरनी सांगितलंय, मामू.” तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बोललं की खोटं कसं सुतासारखं सरळ बाहेर येतं.

नंतरचा प्रसंग उन्हाळ्यातला. मी परभणीहून पॅसेंजरनं आले. गाडी बाजूच्या रुळावर थांबवली होती, कारण मधल्या रुळावरून मालगाडी न थांबता जायची होती. मी उतरले तर दादा मधल्या रुळात उभे. हातात एक कागद होता, पलीकडं कुणाला तरी द्यायचा. शिट्टी झाली. पुन्हा झाली. त्यांनी मान वळवून इंजिनाकडं बघितलं. भीती नव्हती त्यांच्या नजरेत. ओळखीचं माणूस येताना दिसावं आणि नाव आठवू नये, तसं ते बघत होते. ज्या माणसाला तळव्याखालच्या थरथरीवरून गाडी किती लांब आहे ते कळायचं, तो माणूस आता कुठल्या बाजूला उतरायचं हे आठवून बघत होता.

मी पिशवी टाकली आणि त्यांच्या दंडाला धरून ओढलं. आम्ही दोघं खडीवर पडलो. डबे एकामागून एक गेले. त्या आवाजात ते माझ्या कानाशी काहीतरी म्हणत होते. गाडी गेल्यावर ऐकू आलं. “कागद गेला, बाई. मास्तर रागवंल.”

परभणीच्या डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं. ते तरुण होते, खुर्ची सोडून दादांजवळ स्टुलावर बसून बोलले. आज वार कोणता, मुलं किती, शंभरातून सात गेले तर किती. शेवटी मला म्हणाले, “ठोके असे पडत असले की मेंदूला रक्त कधी पुरतं, कधी पुरत नाही. कधी बारीक गुठळी जाते. एकेक कोपरा विझत जातो. गेलेलं परत आणता येणार नाही. उरलेलं जपायचं.”

मी विचारलं, “ते चालत राहिले असते तर?”

“का थांबले?”

मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. पूर्णेच्या डॉक्टरांचं अर्धं वाक्य मी पुढं दिलं आणि अर्धं ठेवून घेतलं, असं.

त्यांनी दादांचा कागद बाजूला ठेवला. “जे चालतेफिरते राहतात त्यांचं डोकं जास्त टिकतं, असं मला वाटतं. पण तुमच्या वडिलांचं टिकलंच असतं, असं मी लिहून देणार नाही. आणि तुमच्यामुळं गेलं, असंही लिहून देणार नाही.”

मला लिहून हवं होतं. आयुष्यभर मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला. दोषी कोण, मागणी काय, निषेध कुणाचा. इथं त्यातलं काहीच लागू होत नव्हतं. आरोपी मी, साक्षीदार मी, आणि निकाल द्यायला कुणी तयार नाही.

घरी येऊन मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. तिनं सूप खाली ठेवलं.

“आमाला वाचता येत न्हाई म्हणून तुला शाळेत घातलं,” ती म्हणाली. “वाचून दाखव म्हनलं व्हतं गं. निवडून न्हाई.”

आणि सूप उचलून ती पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या सकाळपासून आम्ही चालायला लागलो. रुळावरून नाही, रुळाकडेच्या गाडीवाटेनं. पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबापर्यंत. दम लागला की थांबायचं, मग पुन्हा चालायचं. महिन्याभरात नवव्यापर्यंत पोचलो. दादांच्या हातात मी बाभळीची काठी दिली होती. ते चालता चालता काठी रुळाला लावून आवाज ऐकायचे. पायांना वाट माहीत होती. सहाव्या खांबाकडचा उतार आला की ते आपोआप पाय आखडते घ्यायचे, जिथं काटे असायचे तिथून बाजूनं जायचे. एके दिवशी आठव्या खांबाजवळ थांबून त्यांनी मला आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांना इथं कोल्ह्याचं पिल्लू सापडलं होतं आणि ते त्यांनी मामूच्या डब्यात घालून दिलं होतं. मी इतकी हसले की वाटेवर बसले. मला वाटलं, परत येतंय.

परत आलं नाही. काही दिवस एखादं माणूस खांबाजवळ उभं असायचं, काही दिवस नसायचं. आणि नसण्याचे दिवस वाढत गेले.

नामांतर झालं त्या दिवशी मी परभणीहून पळत घरी आले. सोळा वर्षं. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य. दादा ओट्यावर होते. मी ओरडून सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांतून पाणी आलं. “लय चांगलं झालं, बाई. लय लोक मेले त्याच्यापायी.” माय घरात होती, ती बाहेर आली, आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. दिवस मावळायच्या आत त्यांनी विचारलं, “नामांतराचं काय झालं गं? आजून न्हाई का करायलेत?” मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हात धरले, पुन्हा पाणी. त्या आठवड्यात मी त्यांना ती बातमी अकरा वेळा दिली. पहिल्या दोन-तीनदा मला बरंसुद्धा वाटलं. रोज नव्यानं जिंकणारा माणूस दुसरा कोण असेल? मग मला त्या आनंदाची भीती वाटायला लागली. बाराव्या वेळी त्यांनी विचारलंच नाही. मी वाट बघत राहिले. त्यांच्यासाठी तो लढासुद्धा संपला होता, जिंकून नाही, नुसताच.

आता रुंद रुळांचं काम आमच्या बाजूला सरकत आलं आहे. नव्या रुळाला या चाव्या नसतात, दुसऱ्याच तऱ्हेची पकड असते. ठेकेदाराची माणसं जुने स्लीपर उपटून कडेला रचतात. तारेचे खांबही काढणार आहेत म्हणे. एकेका दिवशी एखादा आकडा कमी झालेला दिसतो. दादा त्या रिकाम्या जागेजवळ थांबतात, काठी जमिनीवर दोनदा आपटतात आणि पुढं जातात. वाटेत पडलेल्या चाव्या ते उचलून सदऱ्याच्या खिशात घालतात, पूर्वी पत्रकं ठेवायचे त्याच खिशात. माय त्या चाव्या दाराच्या चौकटीला ओळीनं लावून ठेवते. परत नेऊन टाका म्हणत नाही.

आज सकाळी आम्ही नवव्या खांबाशी पोचलो. तो अजून उभा आहे. पलीकडची बाभूळ मात्र तोडली आहे. मी विचारलं, “दादा, इथं काय झालं होतं?”

त्यांनी खांबाकडं बघितलं, आकड्यावर बोट ठेवलं. “नऊ,” ते म्हणाले. वाचता आला. त्याच्यापुढं काही नव्हतं.

मग त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आधारासाठी. पण त्यांची दोन बोटं बरोबर नाडीवर होती, पूर्णेच्या डॉक्टरांनी त्यांची धरली होती तशी. मान तिरकी करून ते ऐकत राहिले, रुळाला काठी लावून ऐकतात तसे.

“ही घट्ट हाय,” ते म्हणाले आणि हात सोडला.

आणि घराकडं न वळता ते पुढं निघाले, वळणाच्या दिशेनं, मामूच्या हद्दीकडं. रोज इथं मी त्यांचा दंड धरते आणि त्यांना माघारी फिरवते. वळणापलीकडं खोदकाम चालू आहे, खड्डे आहेत, लांबून यंत्राचा आवाज येत होता. मी दंड धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. दम लागला असता तर ते थांबले असते. ते थांबले नाहीत. मी दोन पावलं मागं ठेवून त्यांच्यामागून चालत राहिले.

वळण आलं तेव्हा मी मागं वळून वस्तीकडं बघितलं. माय दारात उभी होती, पिठाचा हात वर धरून. इथून पुढचं तिला काही ऐकू येणार नव्हतं.